‘एकच काहीतरी धर’ म्हणतात, ते ऐकू का? फोंड्याच्या एका कलाशिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ३६ वर्षांच्या आहात आणि गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका हायस्कुलात ११ वर्षं चित्रकला शिकवता. जलरंग करता, मातीकाम करता, कावी, म्हणजे चुन्याच्या भिंतीवरचं तांबड्या मातीचं खरवडकाम, शिकून घेतलीत, भरतकाम आईकडून आलं आणि दोन बालपुस्तकांची चित्रंही काढून झाली. घरचे, मैत्रिणी, एक गॅलरीवाले, सगळे एकच सांगतात, ‘इतकं सगळं करतेस म्हणून नाव होत नाही, एकच काहीतरी धर.’ तुमचं विचारणं असं, की कोणतं माध्यम सोडू? आणि त्याच दमात, नोकरीही सोडू का? शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, की पावसात कागदाला बुरशी येते, त्यावर काही उपाय आहे का.

मी १९८१ ते ८६ पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकले. तेव्हा चित्रकार लक्ष्मण पै प्राचार्य होते. १९८७ पासून २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत सत्तरी तालुक्यात आणि मग डिचोलीत शाळेत चित्रकला शिकवली. जलरंग, माती, कावी, थोडं लाकडावरचं रंगकाम, असं चार-पाच ठिकाणी माझाही हात फिरला आहे आणि ‘एकच धर’ हे मीही पंचवीस वर्षं ऐकलं. त्यामुळे हे उत्तर त्या अनुभवातलं आहे. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत नाही, तिथे माझं म्हणणं तुम्हाला जुळवून घ्यावं लागेल.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट तुम्हालाच परत दाखवते. ‘मी काय काय करते’ हे समजावं म्हणून तुम्ही गेल्या वर्षीच्या कामांची यादी दिली आहे. सासरच्या चवथीचं (गणेश चतुर्थीचं) मखर, शाळेच्या गॅदरिंगचा पडदा, देवळातल्या उत्सवाची रांगोळी, मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचं मानपत्र, नणंदेच्या साडीवरचं रंगकाम, वाड्यावरच्या मुलांच्या नरकासुराचा मुखवटा, पुस्तकाची चित्रं, असं बरंच. एकूण १८ कामं आहेत, मी मोजली. त्यातली १६ कुणीतरी सांगितली म्हणून झालेली आहेत. कुणी न सांगता, तुम्हाला करावंसं वाटलं म्हणून झालेली दोनच, तळ्याकाठचं एक जलरंग आणि मातीचा तो अर्धवट राहिलेला चेहरा.

म्हणून मला वाटतं, तुमची अडचण माध्यमं पाच आहेत ही नाही. पाचही माध्यमं दुसऱ्यांच्या कामाला जुंपली गेली आहेत, ही अडचण आहे. उद्या तुम्ही चार सोडून फक्त जलरंग धरलेत, तरी लोक जलरंगातच मागायला येतील. लग्नाची पत्रिका जलरंगात, घराचं चित्र जलरंगात, गेलेल्या माणसाचा फोटोवरून चेहरा जलरंगात. यादी १८ चीच राहील.

आमच्या घरी यासाठी दोन शब्द होते, सांगकाम आणि आपलं काम. ज्याच्या हातात कला आहे त्याला सांगकाम सुटत नाही, पण अनेक कला हातात असलेल्या बाईला ते सगळ्यात जास्त चिकटतं, कारण तिच्याकडे ‘नाही’ म्हणायला कारणच उरत नाही. ज्याला फक्त तैलरंग येतात त्याच्याकडे कुणी मखर मागायला जात नाही. तुम्हाला मखर येतं, रांगोळी येते, सुई येते. शिवाय तुम्ही घरातल्या सून आहात आणि गावाच्या टीचर आहात, म्हणजे मागणाऱ्याला संकोचही वाटत नाही. यात कुणाचा दुष्टावा नसतो. माझ्या सासूबाई सगळ्या आळीला अभिमानाने सांगायच्या, ‘आमची सून सगळां करता.’ त्या अभिमानात माझी संध्याकाळ गेलेली असायची, हे त्यांना कधी दिसलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये. सांगकाम हलकं असतं असं मी म्हणत नाही. मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल आठवा. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं, ‘दीपावली’चे अंक, कॅलेंडरं, बहुतेक काम मागणीचंच होतं आणि दोन पिढ्यांच्या मराठी घरांची नजर त्या कामाने घडवली. आपल्या गोव्यातली चवथीची चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती करायची जागा, तरी काय आहे? मूर्ती न मूर्ती सांगितलेली, मापही घरागणिक ठरलेलं. मी शेजारच्या चित्रशाळेत सलग नऊ वर्षं चवथीआधी दीड महिना बसत असे. पहिली सहा वर्षं मला मागची बाजू आणि आसन रंगवायला दिलं, डोळे आखायला सातव्या वर्षी मिळाले. श्वास कुठे रोखायचा आणि ब्रश कुठे सोडायचा, हे मला त्या डोळ्यांनी शिकवलं, महाविद्यालयातल्या कुठल्याच वर्गात ते मिळालं नव्हतं. तेव्हा सांगकाम करा. फक्त वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा किती करायची. मी वर्षाला चार करत असे. चवथ, शाळेचं एक, घरचं एक, आणि पैसे देणारं एक. पाचवं आलं की ‘पुढच्या वर्षी’ असं खरंखुरं सांगायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. लोक पहिलं वर्ष दुखावले. दुसऱ्या वर्षी विचारायला मार्चमध्येच यायला लागले.

आता ‘एकच धर’ या सल्ल्याकडे येते. तो सल्ला अगदीच चुकीचा नाही. काहीतरी एक धरावं लागतंच. पण ते माध्यमच असायला हवं असं कुणी ठरवलं? मी काय धरलं आणि ते कसं हाती आलं, तेवढं सविस्तर सांगते, कारण माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि ती मला एका सातवीतल्या मुलाने दिली.

१९९१ चा जुलै. सत्तरीतल्या शाळेत ‘पावसाळ्यातलं माझं घर’ असा विषय दिला होता. चाळीस मुलांनी तिरप्या निळ्या रेघा, छत्री, ढग काढले. एका मुलाने घराची पांढरी भिंत काढली आणि भिंतीच्या खालच्या भागात, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, तांबडे ठिपकेच ठिपके मारले. आभाळात काही नाही, रेघ नाही, थेंब नाही. मी त्याला म्हटलं, पाऊस कुठाय? आणि त्याच्या हातातला ब्रश घेऊन त्याच्याच कागदावर तिरप्या रेघा ओढून दाखवल्या. तो म्हणाला, ‘टीचर, आमगेर पावस असोच दिसता,’ आमच्याकडे पाऊस असाच दिसतो. मी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभी होते. समोरच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर जांभ्या मातीचे शिंतोडे उडालेले होते. पागोळी जमिनीवर आपटते, तांबडी माती उसळते आणि भिंतीवर एक पट्टा उठतो, बरोबर हातभर उंचीचा. ज्यांना परवडतं ते चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, विणलेली झापं लावून भिंत झाकतात, ज्यांनी लावली नाहीत त्यांच्या भिंतीवर चार महिन्यांचा पाऊस तांबड्या रंगात लिहिलेला असतो. त्या मुलाने पाऊस घराच्या दारातून पाहिला होता. मी तो चित्रांच्या पुस्तकातून पाहिला होता. आणि ज्याने खरं पाहिलं होतं त्याच्या कागदावर मी माझं खोटं ओढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, की तू बरोबर होतास. त्याला नवा कागद दिला. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही मुलाच्या कागदावर स्वतःचा हात टेकवला नाही. दाखवायचंच असेल तर माझ्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा, त्यावर काढून शेजारी ठेवायचे. मुलाला हवं तर घेईल, नको तर चिठ्ठी उडून जाईल.

तो तांबडा पट्टा मग माझ्या कामात आला आणि गेलाच नाही. आधी जलरंगात भिंती केल्या. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, त्यामुळे भिंत राखून ठेवायची आणि शिंतोडे तेवढे उडवायचे. मग मातीच्या पाट्या केल्या. मग कावी. तुम्ही कावी शिकला आहात, तेव्हा तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. शिंपल्यांचा चुना, वाळू, गूळ कुटून-कुजवून गिलावा करायचा, त्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा वर काढायचा. म्हणजे तोच तांबडा, तोच पांढरा. फरक एवढाच, की भिंतीवर पावसाने माती चढवलेली असते आणि कावीत माणूस ती उतरवतो. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कावी पाहत मी लहानाची मोठी झाले, पण तिचं माझ्याशी काय नातं आहे ते त्या मुलाच्या ठिपक्यांनंतर कळलं. तीन माध्यमं केली, पण तीस वर्षं मी एकच गोष्ट पाहत होते. कुणी विचारलं, ‘तुमचं माध्यम कोणतं,’ तर उत्तर अडखळत द्यावं लागायचं. ‘तुम्ही काय करता,’ असं विचारलं, तर एका वाक्यात सांगता यायचं.

तुमच्याकडेही असं काही असणारच. ते शोधायला मी एक दिवस मागते. गेल्या सहा-सात वर्षांतलं जेवढं काम घरात आहे तेवढं काढा. मूळ नसेल तर फोटो छापून घ्या. वसरीवर किंवा शाळेच्या वर्गात सुट्टीच्या दिवशी जमिनीवर पसरा. आधी सांगकाम उचलून बाजूला करा. जे उरेल ते थोडं असेल आणि बघून वाईट वाटेल, ते वाटू द्या. मग माध्यम विसरा आणि परत परत काय आलंय ते शोधा. एखादा आकार असेल, एखादी वेळ, एखादी जागा, रिकामं सोडलेलं काहीतरी. तुमचं तळ्याकाठचं जलरंग आणि मातीचा चेहरा, दोन्हीबद्दल तुम्ही लिहिताना ‘पाण्यात पडलेलं’ असे शब्द वापरले आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? मी तुमचं काम पाहिलेलं नाही, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर तिथून शोधायला सुरुवात केली असती. सांगकामाच्या ढिगाकडेही शेवटी एकदा बघा. कधी कधी मागणाऱ्याच्या नकळत आपण आपलं काहीतरी त्यात घुसवलेलं असतं.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही, तर घाई करू नका. मला ते २९ व्या वर्षी मिळालं आणि समजायला आणखी पाच वर्षं लागली.

एका मोठ्या चित्रकर्तीचं उदाहरण देते. ते उदाहरण मला वारंवार धीर देत आलं आहे. आंजेला त्रिंदाद, जन्म १९०९. वडील आंतोनियो शावियेर त्रिंदाद, मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत आणि ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणून ओळखले जात. आंजेलाही जेजेत शिकल्या. सुरुवातीची व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं वडिलांच्या वळणाची. मग भारतीय शैलीकडे वळल्या, ख्रिस्ती विषय त्या शैलीत रंगवले, साडीतली मेरी रंगवली. उत्तरायुष्यात त्रिकोणांतून बांधलेली अमूर्त चित्रं केली. आता हे कुणी यादी करून वाचलं, तर म्हणेल, बाई एका जागी थांबल्या नाहीत. पण त्रिंदाद या आडनावाचा अर्थच त्रैक्य. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. ज्या श्रद्धेतून साडीतली मेरी आली, तीच पुढे त्रिकोण झाली, असं मला ती चित्रं पाहताना वाटत आलं आहे. ते माझं वाचन आहे, तुमचं वेगळं असू शकेल. पणजीत फोंताईनासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे वडील आणि मुलगी, दोघांचीही चित्रं आहेत. फोंड्याहून तासाभराचा रस्ता. एक शनिवार काढून एकट्या जा, मुलांना घेऊन नको. वडिलांच्या चित्रांसमोरून मुलीच्या चित्रांकडे या आणि मुलगी कुठे वेगळी व्हायला लागली, ती जागा शोधा.

हेही खरं, की आंजेलांच्या घरातच चित्रकाराचा स्टुडिओ होता. तुमच्या-माझ्या घरात नव्हता. म्हणून जागेबद्दल बोलते. मला पहिली चौदा वर्षं जेवणाच्या टेबलावर काम करावं लागलं, म्हणजे दर वेळी मांडायचं आणि ताटं आली की आवरायचं. त्या चौदा वर्षांत मी मोठं काही केलं नाही, कारण मोठं काम अर्धवट अवस्थेत डोळ्यांसमोर राहावं लागतं. येता-जाता, भात शिजताना, ते दिसत राहावं लागतं. १९९९ मध्ये कोठीच्या खोलीतली भाताची पिंपं माळ्यावर चढवली आणि खिडकीखाली चार फुटांचं टेबल लावलं. त्या टेबलावरची वस्तू कुणी हलवायची नाही, एवढा एकच नियम घरात केला. वेळ वाढला नव्हता, मुलगी लहानच होती, शाळा तीच होती. तरी त्या वर्षी मागच्या पाच वर्षांएवढं काम झालं. तुमच्याकडे खोली नसेल, पण न आवरलं जाणारं एक टेबल मिळवा. माध्यम सोडण्याआधी हे करा.

माध्यमांच्या बाबतीत मला गोव्याच्या ऋतूंनी मोठी मदत केली. सगळं एकदम करायला गेलं की चिडचिड होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हवा इतकी ओली असते, की जलरंगाचा पहिला थर वाळायला फार वेळ घेतो आणि दुसरा थर दिला की खालचा उठतो. त्या दिवसांत जलरंगाशी भांडू नका. ते दिवस मातीचे आहेत. माती हळू वाळते म्हणून तडे कमी जातात, चित्रशाळाही तेव्हा सुरू असतात, हाताला सोबत असते. दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागते, तेव्हा जलरंग बाहेर काढा. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी सात ते नऊ यासारखा उजेड आणि यासारखी हवा वर्षात परत नाही. एप्रिल-मेमध्ये कागदावरचं पाणी बघता बघता उडतं, तेव्हा मी रेखाटनं करायचे, किंवा कावीचे छोटे फलक करायचे, गिलावा सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून. भरतकाम वर्षभर, बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकावर. तुमचा क्रम वेगळा बसेल. आता माध्यमिकचे वर्ग एप्रिलातच सुरू होतात, त्यामुळे माझ्या वेळची लांब सुट्टी तुम्हाला तशी मिळत नाही. पण एका वेळी एकच माध्यम टेबलावर आणि बाकीची पेटीत, हे पाळून बघा. पाच माध्यमं पाच वाटेनाशी होतील.

नोकरीचं. इथे मी तुम्हाला ‘सोडा’ किंवा ‘राहा’ असं सांगणार नाही, कारण ते खरोखर परिस्थितीवर आहे. नोकरी कायम आहे की कंत्राटी, घराचा हप्ता आहे का, घरात दुसरा पगार आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझी नोकरी कायम होती आणि ती सोडावीशी मला दोनदा वाटली होती. दोन्ही वेळा मी स्वतःला विचारलं, की शाळा माझं नेमकं काय घेते. वेळ घेते, असं पहिलं उत्तर यायचं. पण एका वर्षी तासिका मोजल्या, प्रवास मोजला, तर वेळ वाटला होता तितका जात नव्हता. जात होती ती नजर. दिवसभर चाळीस-चाळीस मुलांच्या वह्यांत चुका शोधल्या, की संध्याकाळी स्वतःच्या कागदाकडेही तीच नजर वळते. चित्र पुरतं जन्मायच्या आधीच त्यातलं चुकलेलं दिसायला लागतं. शिक्षिकेला होणारा हा आजार आहे आणि तो नोकरी सोडून बरा होतोच असं नाही, कारण खासगी क्लास घेतलेत तरी तोच होणार.

त्यावर मला जे लागू पडलं ते असं. पाचवी-सहावीच्या तासाला मी वर्षातून निदान दहा वेळा मुलांबरोबर तोच विषय स्वतः काढायला बसायचे. फळ्यावर नाही, त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच पेटीतले रंग घेऊन. तास संपला की माझाही कागद त्यांच्याबरोबर भिंतीवर. मुलं बोलायची, ‘टीचर, तुमचो रूख (झाड) मेल्लो दिसता.’ खरंच मेलेला दिसत असायचा. त्या दहा तासांमुळे माझी संध्याकाळची नजर सुटली. दुसरं असं, की घरी आल्यावर लगेच कामाला बसायचं नाही, मधे अर्धा तास परसात पाणी घालायचं. तो अर्धा तास मी कधीही वाया गेला असं धरलं नाही.

आणि शाळेने मला दिलं काय, हे त्या मुलाच्या ठिपक्यांवरून तुम्हाला कळलंच आहे. तरीही, जर तुमच्याकडून चित्रकलेच्या तासाला गणित घेतलं जात असेल, वर्षभर फक्त पडदे आणि फलक रंगवून घेतले जात असतील, तर ती कलाशिक्षिकेची नोकरी उरलेली नाही, आणि मग सोडण्याचा विचार करण्यात काही गैर नाही. माझ्या एका शाळेत मी मुलांना घेऊन जिन्याच्या भिंतीवर दोन महिने कावी पद्धतीचं काम केलं होतं. दोन वर्षांनी सुट्टीत इमारत रंगवताना त्यावर डिस्टेंपर फासला गेला, कुणी विचारलंही नाही. मी आठ दिवस जेवले नाही नीट. पण ज्यांनी ते खरवडलं होतं त्यातली एक मुलगी आज स्वतः कलाशिक्षिका आहे. भिंतीचं दुःख अजून आहे, त्यावर ही भरपाई आहे असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी आहेत, एवढंच. तुम्ही मात्र असं काही कराल तेव्हा आधी लेखी परवानगी घ्या आणि रोज फोटो काढा.

नोंदीचं त्यावरूनच आठवलं. एक वही घाला. तारीख, माध्यम, माप, सांगकाम की आपलं, आणि वस्तू कुठे गेली. मी ही वही २००४ मध्ये सुरू केली, त्यामुळे आधीच्या सतरा वर्षांच्या कामातलं निम्मं कुठे आहे ते मला आज सांगता येत नाही. गॅलरीवाल्यांना ‘सगळं करते’ असं सांगितलं की ते गोंधळतात. एकाच विषयाची तीन माध्यमांतली बारा कामं, मापांसकट, समोर ठेवली की ते वेगळं ऐकतात. पैशाचंही लिहीत जा. पैसे घ्यायचे नसले तरी मखरावर किती दिवस गेले ते लिहा आणि वर्षाच्या शेवटी घरातल्यांना वाचून दाखवा, भांडणासाठी नव्हे, त्यांना माहीत व्हावं म्हणून. आमच्या घरी ती वही वाचल्यावर पुढच्या चवथीला मखराचा सांगाडा दिराने बांधला.

आता कागद. बुरशी लागते ती मुख्यतः कागदाला दिलेल्या खळीवर. चांगल्या सुती जलरंग कागदांपैकी अनेकांना जिलेटिनची खळ असते, ते बुरशीचं अन्न. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांवर गेली की तिला पाहिजे ते सगळं मिळतं आणि आपल्याकडे पावसात ती बराच काळ ८० च्या वर असते. कापूर आणि कडुलिंबाचा पाला किड्यांसाठी ठीक आहे, बुरशी त्याने थांबत नाही, ओल काढावीच लागते. मे संपायच्या आत, कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या पेटीत कागद भरा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल भरली की कळतं. मग ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर मंद आचेवर तापवून ते परत वापरता येतं. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं आणि तुमच्या घरात मुलं आहेत, नारिंगी मिळतं ते घ्या. पेटी जमिनीवर नको आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला लागून तर मुळीच नको, पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. झालेल्या चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. आम्लविरहित पातळ कागद घाला.

फ्रेम केलेली चित्रं भिंतीला टेकून लावू नका. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. काच कागदाला चिकटता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. मी हे सगळं शिकले तेव्हा माझी साठेक जलरंगं पलंगाखाली खराब होऊन गेली होती.

आणि ज्या कागदाची खळ आधीच गेली आहे, म्हणजे रंग टाकला की टिपकागदासारखा ठिकठिकाणी शोषला जातो, तो फेकू नका. आधी बुरशी घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने झटका आणि एक दिवस उन्हात ठेवा. मग त्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचे दोन हात द्या, वर गेरू, आणि ओलं असतानाच बोथट सुईने खरवडा. सहावीच्या मुलांना कावी समजावून सांगायला यापेक्षा स्वस्त साधन मला मिळालं नाही. जूनमध्ये करून बघा, वाळायला वेळ लागतो म्हणून मुलांना खरवडायला पुरता तास मिळतो.